जाखाईच्या बारवेचे वय

केतकी घाडीला सगळे काही आठवत होते, आणि डॉ. हेमांगी केळशीकरला तीच गोष्ट सर्वांत अस्वस्थ करत होती.

नवतट शहरातल्या मेंदूविज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत केतकी तिच्यासमोर बसली होती. पस्तिशीच्या आतबाहेरची बाई, मालगाड्यांचे वेळापत्रक सांभाळणारी, बोलण्यात चटपटीत. धाकट्या भावाशी झालेले कडाक्याचे भांडण तिला शब्दन् शब्द आठवत होते. भाऊ घरी आला, रडला, दोघे एका ताटात जेवले, तेही आठवत होते. फक्त भांडण आधी झाले की जेवण आधी, हे तिला सांगता येत नव्हते. त्यामुळे भावावर आपला राग आहे की नाही, हेच तिला कळेनासे झाले होते. एक दिवस ती त्याला आपणहून फोन करी, दुसऱ्या दिवशी त्याचा फोन तोडून टाकी. कोणी तारखा लिहून दिल्या तर ती वाची, मान डोलावी. पण घटकाभराने ते वाचणेही आधीचे की नंतरचे, याचा घोळ होई.

"विसरायला झालं असतं तर परवडलं असतं," ती म्हणाली. "विसरलेलं माणूस निदान गप्प तरी बसतं."

हेमांगीने या आजाराला कालक्रमभ्रंश असे नाव दिले होते. नवतटातल्या दर दहा प्रौढांमागे एकाला तो झाला होता आणि प्रमाण वाढत होते.

नवतट हे समुद्राने गिळलेल्या किनारपट्टीवरून उठवलेल्या लोकांसाठी पठारावर वसवलेले शहर. नावात तट असला तरी समुद्र तिथून चारशे किलोमीटरवर होता. शहराच्या आराखड्याचे त्या काळी फार कौतुक झाले होते. तिथल्या इमारती चलवास्तू होत्या: हलक्या फळ्यांच्या, रुळांवर सरकणाऱ्या. कुठे माणसे वाढली, कुठे कमी झाली, ऊन कुठून येते, पाण्याचा दाब कुठे आहे, याचा हिशेब करून मध्यवर्ती यंत्रणा त्या फळ्या सतत नव्याने मांडत असे. उन्हाळ्यात जिथे दवाखाना असे, तिथे दिवाळीनंतर शाळा भरे. घराची खिडकी कधी पूर्वेला असे, कधी उत्तरेला. कोणी हरवत नसे, कारण मनगटावरचा मार्गदर्शक प्रत्येक वळणावर हलक्या आवाजात रस्ता सांगे. जागा वाया जात नव्हती, वीज वाया जात नव्हती. वाया काय जात होते, हे कळायला एक पिढी जावी लागली.

हेमांगीच्या घरीही हा आजार आला होता. तिचे वडील आबा, म्हणजे मंदार केळशीकर, आयुष्यभर भूमापन खात्यात होते; कोकणातली बुडणारी गावे त्यांनी शेवटची मोजली होती. तिची आई जाऊन बरीच वर्षे झाली होती. आई गेली, हे आबांना माहीत होते. आई बाजारात गेली आहे आणि आता येईल, हेही त्यांना माहीत होते. यातले नंतरचे कोणते, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. म्हणून ते संध्याकाळी दाराशी खुर्ची टाकून बसत. हेमांगी कामावरून आली की तिच्यामागे आणखी कोणी येतेय का, ते वाकून बघत.

उपायाचा धागा तिला अनपेक्षित जागी सापडला. रुग्णांचे पत्ते आणि व्यवसाय नकाशावर मांडताना शहराच्या दक्षिण टोकाला एक मोकळा ठिपका राहिला. तिथे रोपवाटिकेत काम करणाऱ्या शेदीडशे माणसांपैकी एकालाही हा आजार नव्हता. त्यांची घरे इतरांसारखीच सरकणारी होती, खाणेपिणे तेच, पाणी तेच. फरक एवढाच, की ती माणसे दुपारची भाकरी खायला जाखाईच्या बारवेत उतरत.

शहर वसण्यापूर्वी तिथे एक गाव होते. गाव केव्हाच उठले, बारव तेवढी राहिली. काळ्या दगडाची, चौकोनी, तीन बाजूंनी पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्यांची, यादवकाळातली. भिंतीतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेली जाखाई.

हेमांगी प्राध्यापक इलियास तांबोळींना भेटली ती या टप्प्यावर. तांबोळी भूकालमापनाचे, म्हणजे दगडांचे वय काढण्याच्या शास्त्राचे जाणकार होते, साठी ओलांडलेले, शब्द जपून वापरणारे. पुरातन वास्तूंच्या सल्लागार समितीवर ते होते आणि बारवेत रुग्ण न्यायचे तर त्यांची संमती लागणार होती. त्यांनी तिला प्रयोगशाळेतच गाठले आणि सरळ विचारले, की घराच्या भिंती सरकण्याचा आणि आठवणींचा क्रम बिघडण्याचा संबंध काय.

"मेंदूत दोन्हींचं काम एकाच ठिकाणी चालतं, सर," हेमांगी म्हणाली. "काही पेशी अशा असतात, की विशिष्ट जागी गेल्यावरच जाग्या होतात. स्थलपेशी. एखादी घटना आपण ठेवतो, ती कुठे घडली त्या जागेला बांधून ठेवतो. जागा एकमेकींना कशा जोडल्यात, त्यावरून घटनांचा क्रम लागतो. सगळ्याच जागा हलायला लागल्या की गाठी सुटतात. माझे वडील मोजणी करायचे. ते म्हणायचे, एक खूण तरी अशी हवी जी हलणार नाही, मग कितीही मोठं शिवार मोजता येतं. मेंदूला तशी खूण लागते. मी तिला अचलखूण म्हणते."

"मग डोंगर काय वाईट? तो कुठे हलतो?"

"डोंगर करून पाहिला. माणसं तिथे शांत होतात, पण क्रम लागत नाही. डोंगर हलत नाही हे खरं, पण आपल्याला दिसेल असा काळ त्याच्यावर नसतो. झिजलेली पायरी बघितली, की आपल्याआधी इथून कोणीतरी गेलंय, हे मेंदूला न सांगता कळतं. 'आधी' म्हणजे काय, ते तो डोळ्यांनी बघतो. तिथून पुढे बाकीचं लावता येतं."

तांबोळींनी विचारले, की पायरी झिजलेली आहे हे मेंदू बघतो, की ती जुनी आहे ही खात्री त्याला लागते.

हेमांगीला या प्रश्नाचे उत्तर माहीत होते, आणि ते सांगणे तिला जड गेले. वर्षभरापूर्वी तिने एक चाचणी केली होती. केंद्राच्या एका दालनात चार दगडी खांब उभे केले होते, बेसॉल्टच्या भुकटीपासून साच्यात ओतलेले, जुन्या देवळातल्या खांबांची हुबेहूब प्रत. अर्ध्या रुग्णांना सांगितले, की हे बुडालेल्या किनाऱ्यावरच्या देवळातून आणलेले मूळ खांब आहेत. उरलेल्यांना खरे सांगितले. ज्यांना खरे सांगितले, त्यांच्यात काही फरक पडला नाही. ज्यांना मूळ म्हणून सांगितले, ती माणसे सहा आठवड्यांत सुधारली. केतकी त्यांच्यात होती. तिने भावाला घरी बोलावून जेवायला घातले होते.

"नियमाप्रमाणे चाचणी संपल्यावर सगळ्यांना खरं सांगावं लागलं," हेमांगी म्हणाली. "महिन्याभरात सगळे पुन्हा होते तिथे आले. काही जण आणखी खाली गेले. दगड मेंदूला कळत नाही, सर. भरवसा कळतो. आणि भरवसा एकदा फाटला की त्याच जागेवर पुन्हा बसत नाही. त्या दालनात केतकीला आता काहीच होत नाही. त्यानंतर मी ठरवलं, रुग्णांना खोटं सांगून काही करायचं नाही. म्हणून मला बारव हवी आहे. तिथे खोटं सांगायची वेळच येणार नाही."

तांबोळींनी संमती दिली.

पहिल्या तुकडीत तिने केतकीला आणि आबांना घेतले. रोज सकाळी माणसे पायऱ्यांवर बसत, कोणी विणकाम करी, कोणी नुसते पाण्याकडे बघे. उपचार म्हणून याहून अधिक काहीच नव्हते. पहिले दोन आठवडे काही घडले नाही. मग एका संध्याकाळी हेमांगी घरी आली तेव्हा दाराशी खुर्ची नव्हती. आबा आत अंधारात बसले होते. त्यांनी तिला जवळ बोलावले आणि म्हणाले, "तुझी आई गेली, हेमा. मला आज कळलं." त्या दिवशी ते पुष्कळ रडले. वर्षानुवर्षे राहून गेलेले रडणे होते ते. दुसऱ्या दिवसापासून ते पूर्वीचे आबा झाले. वर्तमानपत्रातल्या चुका काढणारे, चहा गार झाला म्हणून कुरकुरणारे.

वर्षभरात हजारो लोक बारवेवर येऊ लागले. महानगरपालिकेला वेळा वाटून द्याव्या लागल्या. तरीही नियोजन विभागाने त्याच जागेवर मालवाहतूक केंद्राचा आराखडा पुढे रेटला. बारव पाडायची नव्हती, हलवायची होती. आजचे तंत्रज्ञान पाहता बारवेची तंतोतंत प्रत शहराच्या दुसऱ्या टोकाला सहज उभी करता येईल, असे नियोजनप्रमुखांनी हेमांगीला अगदी सौजन्याने समजावले. प्रतीचा उपयोग होत नाही, हे तिने त्यांना आकड्यांनिशी दाखवले. त्यावर ते म्हणाले, की मुळात बारव एवढी प्राचीन आहे याला तरी पुरावा काय. शिलालेख नाही, नोंद नाही. शैलीवरून काढलेला अंदाज आहे फक्त. शास्त्रीय पुरावा आणा, आम्ही आराखडा मागे घेऊ.

पुरावा ही गोष्ट हेमांगीला आवडत असे. तिने तांबोळींना बारवेचे दीप्तिमापन करायला सांगितले.

त्यामागचे तत्त्व साधे होते. दगडातल्या स्फटिकांत नैसर्गिक किरणोत्सारामुळे थोडीथोडी ऊर्जा साठत जाते. उजेड पडला की ती निघून जाते आणि साठा शून्यावर येतो. भिंत रचताना एका दगडावर दुसरा बसतो आणि मधला पृष्ठभाग कायमचा अंधारात जातो. त्या क्षणापासून साठा पुन्हा सुरू होतो. प्रयोगशाळेत तो मोजला, की दगड शेवटचा उजेडात केव्हा होता, ते कळते. तांबोळींनी काळ्या कापडाचा तंबू टाकून सांध्यांतून नमुने काढले. आबा तेव्हा वरच्या पायरीवर बसून बघत होते, आणि जुने बांधकाम आहे, जपून, असे सारखे बजावत होते.

निकाल द्यायला तांबोळी केंद्रात आले नाहीत. त्यांनी हेमांगीला बारवेवर बोलावले, रुग्णांची वेळ संपल्यावर. त्यांच्या हातात काही नव्हते. ते तळाच्या पायरीवर बसले होते.

"नमुने तीनदा मोजले," ते म्हणाले. "चाळीसेक वर्षं."

हेमांगीला वाटले, वरचा एखादा थर नंतर बसवलेला असेल. तिने तसे विचारले.

"थर नाही. सगळीच. मग मी दगड कापून बघितला. आत बुडबुडे आहेत, एका रेषेत. खाणीतल्या दगडात बुडबुडे असे ओळीने बसत नाहीत. हा ओतीव दगड आहे, डॉक्टर. तुमच्या खांबांसारखाच."

त्यांना जे जुळवता आले ते त्यांनी सांगितले. शहर वसत असताना बारव दुरुस्तीसाठी तीन वर्षे बंद होती, हे सर्वांना माहीत होते. शहरासाठी बांधलेल्या जलाशयाच्या पाझराने त्या काळात पठारावरची बरीच जुनी बांधकामे भुसभुशीत झाली होती. कोणीतरी पडणारा दगड काढून त्याच्या साच्यातून नवा बसवला असेल, मग दुसरा, मग तिसरा. सगळे संपल्यावर ते सांगायचे कोणाला, म्हणून कोणी सांगितले नसेल. कदाचित भल्यासाठीच केले असेल.

हेमांगीने पायरीच्या मधोमध पडलेल्या खोलगट भागावर हात ठेवला. तिथून हजारो पावले गेली आहेत, असे ती रुग्णांना सांगत आली होती.

"आणि ही झीज?"

"झीजसुद्धा ओतलेली आहे."

वरून रोपवाटिकेतल्या बायकांचे हसणे ऐकू येत होते. मग तांबोळींनी विचारले, "मला एक सांगा. चाळीस वर्षांपूर्वी खरी बारव गेली आणि कोणाचं काही बिघडलं नाही. उलट हजारो माणसं बरी झाली. मग ती गेली तेव्हा नेमकं गेलं काय?"

"तेव्हा काहीच गेलं नाही," हेमांगी म्हणाली. "आपल्याला कळलं, तेव्हा गेलं."

मग तिने त्यांच्याकडे जे मागितले, ते यापूर्वी कोणत्याच सहकाऱ्याकडे मागितले नव्हते. खोटा निकाल द्या, असे तिने सांगितले. सुरुवातीला त्यांनी साफ नकार दिला. आयुष्यभर त्यांनी दगडाला विचारून जे उत्तर आले तेच लिहिले होते. हेमांगीने वाद घातला नाही. केतकीला भाऊ पुन्हा मिळाला आहे, एवढेच ती म्हणाली. आणि आबांचे नाव घेतले. तांबोळी उठले, पायऱ्या चढून वर गेले, आणि शेवटच्या पायरीवरून वळून म्हणाले, की सातशे ऐंशी वर्षे, कमीजास्त तीस, असे ते समितीला कळवतील.

आराखडा मागे घेतला गेला. बारवेभोवती कुंपण आले, फलक लागला, त्यावर वय लिहिले गेले. कापलेला दगड तांबोळींनी स्वतः दळून टाकला. वर्तमानपत्रांनी दोघांचे फोटो छापले.

सत्य माहीत असलेली माणसे शहरात दोनच होती, आणि ती दोघेही नवतटातच राहत होती, सरकणाऱ्या घरांत. आपण आजवर कशाच्या आधाराने धड होतो, हे हेमांगीच्या लक्षात आले नव्हते. रुग्णांबरोबर रोज बारवेत उतरणारी ती पहिली होती, आणि तो आधार आता तिच्यापुरता संपला होता.

आधी तांबोळी ढासळले. व्याख्यानात त्यांनी एकच भाग दोनदा सांगितला, मग पत्नीकडे तिच्याच वडिलांच्या आजारपणाची चौकशी करू लागले. सासरे वारून दशक उलटले होते. मुलाने त्यांना पठारापलीकडच्या लेण्यांजवळच्या एका गावी नेऊन ठेवले. ती लेणी डोंगरात कोरलेली, निःसंशय जुनी. पण तांबोळी तिथे भिंतीला नख लावून बघत, वास घेत, बुडबुडे शोधत. खात्री करण्यासाठी ज्या उपकरणाची त्यांना गरज होती, त्याच उपकरणाच्या नावावर त्यांनी स्वतः खोटा आकडा लिहिला होता. मुलाने हेमांगीला फोन करून विचारले, की बाबांना दगडाची एवढी धास्ती का. तिने रुग्ण थांबलेत असे सांगून फोन ठेवला.

पुढच्या उन्हाळ्यात तिची स्वतःची पाळी आली. तिची सहकारी डॉ. परिमला वाघचौरे हिला प्रथम शंका आली. बरा होऊन गेलेला रुग्ण आला की हेमांगी त्याला पहिल्या दिवसाचे प्रश्न विचारू लागली होती. तपासण्या झाल्या. निदान हेमांगीनेच सुचवलेल्या कसोट्यांनी झाले. परिमलाने आबांना बोलावले आणि धीर दिला, की काळजी नको, मॅडमनीच शोधलेला उपाय आहे, रोज सकाळी त्यांना बारवेवर घेऊन या.

आबांनी मुलीचा हात धरून तिला बारवेत उतरवायला सुरुवात केली. आणि उपाय लागू पडला.

लागू पडायला नको होता. पण आजाराचे स्वरूपच तसे होते. तांबोळींचे बोलणे हेमांगीला आठवत होते. ओतीव दगड, ओळीतले बुडबुडे, सगळे. फक्त ते केव्हाचे, कशाबद्दलचे, हे सुटले होते. प्रयोगशाळेतल्या खांबांबद्दल कोणीतरी असेच काही म्हणाले होते. तेच असेल. केतकीला ते बोलणे लावायला त्या दालनाखेरीज दुसरी जागा नव्हती; हेमांगीला होती. क्रम नसलेल्या माहितीला धार नव्हती. हेमांगी झिजलेल्या पायरीवर बसे, आणि आपल्याआधी इथे खूप माणसे येऊन गेली, ही गोष्ट तिचा मेंदू निमूट मान्य करी. हळूहळू दिवस जागेवर बसू लागले. शाळा, कॉलेज, आईचे आजारपण, नवतट, पहिली नोकरी. आबा घरी येऊन शेजाऱ्यांना सांगत, आज हेमाने अमुक बरोबर सांगितले, तमुक बरोबर सांगितले.

एका सकाळी ती पायरीवर बसली होती. सगळ्या आठवणी लागल्या होत्या, आणि शेवटची एक आपल्या जागी येऊन बसली होती. संध्याकाळची वेळ, तळाची पायरी, तांबोळींचे रिकामे हात. तिने पायरीवरचा आपला हात उचलून मांडीवर घेतला.

दोन महिन्यांत ती पुन्हा पूर्वीइतकीच विस्कटली. परिमलाला कारण सापडेना. तिने पुन्हा बारव सुचवली. पुन्हा सुधारणा झाली, पुन्हा त्याच टप्प्यावर घसरण. इतर हजारो रुग्णांत असे एकाच्याही बाबतीत घडले नव्हते. परिमलाने तिच्या मेंदूची चित्रे देशभरच्या तज्ज्ञांना पाठवली. कोणालाही त्यांत दोष दिसला नाही.

तिसऱ्या खेपेला हेमांगी बरी झाली तेव्हा तिच्याजवळ आधीच्या दोन्ही खेपांच्या आठवणीही क्रमाने होत्या. ती शास्त्रज्ञ होती. काय चालले आहे ते तिला काही क्षणांत उमगले. बरे होण्याची शेवटची पायरी म्हणजे ते कळणे, आणि कळले की घसरण. याला अंत नव्हता. आणि प्रत्येक खेपेला आबा थोडे अधिक वाकत होते.

कोणाला तरी सांगावे, असे तिला त्या दिवशी फार वाटले. तांबोळींना आता कोणतेही बोलणे आधीचे की नंतरचे, ते कळत नव्हते. परिमला रोज शेकडो रुग्णांना याच पायऱ्यांवर आणत होती. शेजारी आबा होते. मफलर नीट करत, पाण्यातल्या कासवाकडे बघत बसलेले.

"आबा," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. या बारवेबद्दल."

आबा लगेच वळले नाहीत. गेले दीड वर्ष ते मुलीला या पायऱ्यांवर सुधारताना आणि ढासळताना बघत होते. ढासळायच्या आधी तिचा हात दगडावरून उचलला जातो, हे त्यांनी दोनदा पाहिले होते. आजही तो मांडीवर होता.

"सांगितलंस, तर मला इथे यायचा उपयोग होत राहील का?" त्यांनी विचारले.

हो म्हणणे सोपे होते. एक शब्द होता. पण तिला तो वेळेवर सुचला नाही, आणि क्षण निघून गेला.

"मग नको सांगू," आबा शांतपणे म्हणाले. "घरात एकाला तरी तारीखवार माहीत असायला हवं."

ते तिच्याकडे बघून हसले. मग पाण्याकडे बघू लागले. थोड्या वेळाने त्यांची नजर पाण्यावरून निघाली आणि समोरच्या भिंतीवर, दोन दगडांमधल्या सांध्यावर जाऊन थांबली. तिथून ती खालच्या सांध्यावर गेली. मग पायरीच्या खोलगट भागावर. आयुष्यभर जमीन मोजलेल्या माणसाची ती नजर होती. शेजारच्या पायरीचा खोलगट भाग आणि हा, यांची ती तुलना करत होती.

हेमांगीने ती नजर ओळखली. लेण्याच्या भिंतीला नख लावून बघणाऱ्या तांबोळींचे वर्णन त्यांच्या मुलाने फोनवर केले होते. तिने घाईघाईने आबांचा दंड धरला, उशीर झाला म्हणाली, आणि त्यांना वर चढवले. वरच्या फलकाजवळ आबा थांबले आणि त्यावरचे वय त्यांनी वाचले, ओठ हलवत, नवीन काही वाचावे तसे.

त्या वर्षी दिवाळीनंतर नवतटाची नवी मांडणी झाली. एका सकाळी परिमला केंद्राकडे निघाली असताना दक्षिणेकडच्या चौकात तिला केळशीकर बापलेक दिसले. दोघांनी एकमेकांचे हात धरले होते, आणि आज कोण कोणाला घेऊन निघाले आहे, हे दोघांनाही ठरवता येत नव्हते. मनगटावरचे मार्गदर्शक दोघांनाही हलक्या आवाजात बारवेचा रस्ता सांगत होते. हेमांगी आबांकडे बघत होती आणि आबा हेमांगीकडे, आणि समोरचा कधी पाऊल उचलतो याची वाट पाहत दोघे तिथेच उभे होते.